घरपोच मतदान

रिटायर झाल्यावर घरात बसवेना, म्हणून मतदान जागृतीच्या कामाला मी आपण होऊन नाव दिलं. एकोडीतल्या तीन गल्ल्या माझ्या वाट्याला आल्या. सकाळी गेलं तर निम्म्या घरांना कुलूप, माणसं मोहफुलं वेचायला गेलेली. म्हणून मी अकरानंतर निघायची. लोक पाणी द्यायचे, पत्रक घ्यायचे आणि "देऊ ना मत" म्हणायचे. त्यातलं खरं किती, याच्या खोलात मी शिरत नसे.

बौद्ध मोहल्ल्याच्या टोकाला एक म्हातारे राहत. पंच्याऐंशी उलटलेली, गुडघे गेलेले. मी त्यांना सांगितलं, या वयाच्या माणसांना आता घरीच मत देता येतं, फक्त फॉर्म भरायचा.

"कायले जी? मी जातो ना शाळेत."

"बाबाजी, उन्हात रांगेत उभं राहून पाय दुखतील."

"पाय तं घरीबी दुखते. माह्या बापाले या गावात कोनाच्या बराबरीनं उभं राहू देल्लं नाही. मी दरवेळी रांगेत उभा रायतो. माह्या मांगं पाटीलबी उभे रायते. मले बरं वाटते."

हे मी ऐकलं, पण मास्तरणीच्या कानांनी; पोर शाळा चुकवायला सबब सांगतंय, तसं. शिवाय घरून मतदानाचा एकही फॉर्म माझ्या हातून भरला गेला नव्हता, हेही खरंच. मी आणखी दोनदा गेले. तिसऱ्या खेपेला ते म्हणाले, "बाई, तुमी एवढ्या उनात येऊन रायल्या, तं करतो सही." माझी दया येऊन त्यांनी सही केली आणि मी खूश होऊन घरी आले.

ठरल्या दिवशी पथक आलं. खाटेवर पुठ्ठ्याचा आडोसा मांडला, म्हाताऱ्यांनी मत दिलं, एकाने चित्रीकरण केलं. दहा मिनिटांत उरकलं. मी दारात उभी राहून टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांची आता लाज वाटते.

मतदानाच्या दिवशी शाळेच्या फाटकाशी मी व्हीलचेअर घेऊन उभी होते. नऊच्या सुमारास तेच म्हातारे काठी टेकत आले. पांढरा सदरा, पांढरं धोतर, दोन्हींना कडक इस्त्री. सरळ पुरुषांच्या रांगेत जाऊन उभे राहिले. घरून दिलेलं मत टपाली धरतात, म्हणून यादीत त्यांच्या नावापुढे टपाली मतदानाची खूण होती. चारचौघांदेखत त्यांना परत पाठवलं असतं. मी लगबगीने गेले.

"बाबाजी, तुमचं मत झालंय. आता परत देता येत नाही."

"मालूम हाये जी मले."

"मग?"

"मत तं झालं. उभं राहाचं रायलं होतं."

व्हीलचेअर त्यांनी हातानेच नको म्हटली. रांग सरकत होती, तसे तेही सरकत गेले. खोलीच्या दाराशी पोचल्यावर त्यांनी बाजूला होऊन मागच्या माणसाला आत जाऊ दिलं आणि काठी टेकत घराकडे निघाले.