सोमवारचा डोनर

चूक माझी होती, आणि ती मी दर सोमवारी लसणाच्या सॉससकट करत होतो.

मंदीचे दिवस होते. दुबईतल्या आमच्या ऑफिसात एकेक टेबल रिकामं होत चाललं होतं. माझी नोकरी टिकावी म्हणून बायकोनं सोळा सोमवार धरले. उपास तिचा, त्यात मीठसुद्धा वर्ज्य. मी त्या दिवशी फक्त मटण-मासे सोडायचे. शंकराची माझ्याकडून एवढीच अपेक्षा होती, आणि तीही मला झेपली नाही.

ऑफिसातून शारजाच्या घरी जाताना ट्रॅफिक जॅम ठरलेला. त्यातून सुटलं की वळणावर एक कॅफेटेरिया लागायचा. काचेवर तुर्कस्तानचा झेंडा, मालक केरळचा, उभ्या सळईवर फिरणाऱ्या मांसाचे काप काढणारा नेपाळचा. रोटीच्या गुंडाळीत त्या मांसाबरोबर फ्रेंच फ्राइज, काकडीचं लोणचं आणि मेयोनीजमध्ये कालवलेला लसूण. पाटीवर नाव 'डोनर कबाब', पण खऱ्या तुर्की माणसानं त्याला डोनर म्हटलं नसतं. इथल्या रिवाजाप्रमाणे गाडीतून उतरायचंही नाही. हॉर्न दिला की वेटर खिडकीशी हजर. मी दोन सांगायचो.

मग काचा खाली करून वास घालवायचा आणि तोंडात बडीशेप टाकायची. घरी बायको पूजा आटोपून माझ्यासाठी जेवायची थांबलेली असायची. तिनं केलेला चुरमा मी दिवसभराचा उपाशी असल्यासारखा खायचो. किती दमतोस रे, असं ती म्हणायची आणि मी ढेकर दाबायचो.

सोळा सोमवार पुरे व्हायच्या आतच आमचं प्रोजेक्ट बंद पडलं आणि मला एचआरनं बोलावलं. खलास.

घरी सांगितलं तेव्हा तिनं देव्हाऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "माझ्यामुळे झालं. परवाच्या सोमवारी मुलीची आमटी ढवळताना सवयीनं तळहातावर थेंब घेतला आणि चाटला. मीठ गेलं पोटात."

तेव्हाच बोलायला हवं होतं. त्याऐवजी मी तिची समजूत घातली. एवढ्या तेवढ्यावरून देव रागवत नाही, असं म्हणून तिला मोठ्या मनानं माफसुद्धा केलं.

पुढे दुसरी नोकरी मिळाली. मुलगी मोठी होऊन कमावती झाली. गेल्या वर्षी तिच्या कंपनीत माणसं कमी करायला लागले, तेव्हा मीच बायकोला म्हटलं, धर की सोमवार.

"नको," ती म्हणाली. "माझ्या हातून मोडतात."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, त्या दिवसापासून तिनं आमटीची चव घेणंच सोडलं होतं. मीठ ती अंदाजानं घालायची, आणि मी अळणी आमटीला नावं ठेवत जेवत होतो.

त्या संध्याकाळी तिला गाडीत बसवून त्याच कॅफेटेरियाशी नेलं. मी तिथे जाणं कधी थांबवलंच नव्हतं. हॉर्न द्यायच्या आत वेटर बाहेर आला.

"साब, हमेशावाला? दो?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. "हमेशावाला म्हणजे?"

"सोळा सोमवारांतसुद्धा मी इथे यायचो," मी म्हणालो. "दर सोमवारी दोन डोनर खाऊन तुझ्या चुरम्याला बसायचो. तुझ्या थेंबानं काही मोडलं नाही गं. मोडलं ते मी. आणि इतकी वर्षं ते तुला स्वतःवर घेऊ दिलं. चुकलो. मला माफ कर."