ओवाळायची मी, बसायचे मामंजी

आमचे मामंजी माणसांशी अरेतुरे करत आणि सायकलीशी अदबीने वागत. बाहेरून आले की आधी तिला ओटीवर चढवणार, खांद्यावरच्या पंच्याने तिचं अंग पुसणार आणि मग पाणी मागणार. पावसाळ्यात आमचे कपडे वळचणीला कुबट व्हायचे, माजघरातली कोरडी जागा मात्र सायकलीची. असा एखादा माणूस प्रत्येक तालुक्यात असतो आणि लोक त्याचं कौतुक करतात. त्याच्या घरात नांदून बघा म्हणावं.

मला पाहायलाही ते पोलादपूरजवळच्या त्यांच्या गावाहून महाडपर्यंत सायकलनेच आले होते. मी तेव्हा कॉलेजला सायकलवर जायची. शेजारणी नावं ठेवायच्या, पण माझ्या वडिलांना त्याचा कोण अभिमान. मामंजींनी आमच्या दारात माझी सायकल पाहिली, वाकून चेन बोटाने दाबली आणि म्हणाले, "चांगली ठेवलीय." झालं, वडील तिथेच विरघळले. शेती किती, मुलगा कसा, काही धड विचारलं नाही. "ज्या घरात सायकलीला एवढा मान, तिथे आपल्या मुलीची आबाळ व्हायची नाही," असं आईला म्हणाले. शहाण्या माणसाने इतकी सरळ चूक केलेली मी दुसरी पाहिली नाही.

लग्नानंतर माझी सायकल टेम्पोतून सामानाबरोबर सासरी आली. मामंजींनी ती स्वतः हलक्या हाताने उतरवून घेतली आणि आठवड्याच्या आत आपल्या भाच्याला देऊन टाकली. मी विचारलं तर म्हणाले, "लेक होतीस तोवर ठीक. सून सायकलवर फिराय लागली तर गाव काय बोलेल?" नवऱ्याला सांगून पाहिलं. तो एमआयडीसीत मोटरसायकलवर जाणारा. "जाऊ दे ना, बाबांपुढे कोण बोलणार," एवढं म्हणून तो झोपला.

दसऱ्याला गावात सगळे आपापल्या गाड्या पुजतात. आमच्याकडे सायकल पुजायची. हँडलला झेंडूची माळ मी ओवायची, हळदकुंकू मी लावायचं, ओवाळायचं मी, आणि टांग मारून सोनं वाटायला निघायचं मामंजींनी. एका वर्षी मी ताम्हण हातात धरूनच विचारलं, "मामंजी, अंगणात एक चक्कर मारू?" ते म्हणाले, "तुझा नैवेद्य राहिलाय गो." त्या दिवशी ओवाळताना मी देवीकडे सायकल पंक्चर होऊ दे असं मागणं मागितलं. देवी काही पावली नाही.

सगळ्यात राग यायचा तो त्यांच्या गप्पांचा. संध्याकाळी ओटीवर चार माणसं जमली की यांचा आंबेनळी घाट सुरू. "चढाला माणूस कळतो, उताराला त्याचं नशीब," हे ठरलेलं वाक्य. मग आवाज खाली आणून म्हणायचे, "उतारावर कानात वारं भरलं ना, की माणूस कुणाचा नाय. ना बापाचा, ना पोरांचा." आत भाकरी थापता थापता मी ऐकायची आणि बसल्या जागी माझे पाय हलायला लागायचे. मग परातीवर हात आपटून मी भाकरी मोडायची आणि पुन्हा थापायची.

पुढे काचबिंदूने त्यांची नजर गेली. तरी चाचपडत सायकल पुसायचे. भातझोडणी उरकल्यावर एका सकाळी मी अंगण झाडत होते, तर ओटीवरून म्हणाले, "तुला येते ना गो अजून चालवाय? मला एकदा मागं बसवून ने."

पंचवीस वर्षांनी विचारलं. मी झाडू टाकला, ओढणी कमरेला बांधली आणि सायकल काढली.

उमरठच्या रस्त्याला लागलो. चढावर मला धाप लागली, पण पाय काही विसरले नव्हते. म्हातारा हलका झाला होता, सीटचा मागचा भाग दोन्ही हातांनी घट्ट धरून बसला होता. वाटेत दोन बायका भेटल्या, "काय, कुठं निघाली स्वारी?" विचारून पुढे गेल्या. गाव बोललं ते एवढंच.

उतार लागला तसे मामंजी मागून म्हणाले, "ब्रेक सोड." मी सोडला. कानात वारा भरला. मागे ते हसत होते, तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखे. मीही हसले. मला इतका आनंद झाला, की पुढच्याच वळणावर मला राग आवरेना आणि मी करकचून ब्रेक दाबून सायकल थांबवली.

"काय झालं गो?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं.

मामंजींना जाऊन आता दोन वर्षं झाली. लोक अजून घरी येतात, म्हाताऱ्याचा सायकलवर किती जीव होता ते सांगतात. मी चहा ठेवते. ज्याला हे सुख ठाऊकच नाही, अशा माणसाने मला अडवलं असतं तर मी केव्हाच विसरून गेले असते. यांना ठाऊक होतं.