थेंबही न घेतलेल्या माणसाचं लिव्हर

आमच्या अच्युत भाऊजींनी जन्मात दारूचा थेंब घेतला नाही. खोकल्याचं औषधसुद्धा ते बाटलीवरची बारीक अक्षरं वाचून मगच घ्यायचे. म्हणूनच माझ्या बहिणीनं, इंदूनं, त्यांना पसंत केलं होतं. आमचे वडील पिऊन पिऊन पिवळे होऊन गेले. लहानपणी आई इंदूला दारात उभी करायची: बाबा आले की तोंडाचा वास घे आणि मला सांग. वास आला की आम्ही रायपुरातल्या पुरानी बस्तीच्या मागच्या गल्लीतून मावशीकडे पळायचो.

भाऊजी मंत्रालयात बाबू. ऑफिस शहरात होतं तोवर सायकलनं जायचे. ते नवा रायपूरला हललं आणि सायकल अंगणात गंजली. तासभर बस जाताना, तासभर येताना, मधे दिवसभर खुर्ची. पोट सुटलं, शुगर निघाली. इंदूला त्याचं काहीच वाटत नसे. ‘पीत तर नाहीत ना,’ म्हणायची, आणि संध्याकाळी सरळ घरी येणाऱ्या नवऱ्यापुढे कौतुकानं जिलबी ठेवायची. मी चिडवायची, ‘भाऊजी, तुमाले जिलबी चढते काय हो?’

गेल्या हिवाळ्यात त्यांची उजवी कूस दुखायला लागली. समता कॉलोनीतल्या एका डॉक्टरांनी स्कॅन पाहिला. लिव्हरमध्ये गाठ, बहुतेक कॅन्सर. बी आणि सी, दोन्ही काविळींच्या तपासण्या साफ. मग त्यांनी चष्मा काढून विचारलं, ‘बाबूजी, कितने साल से पी रहे हैं?’

‘कभी नहीं,’ भाऊजी म्हणाले. डॉक्टर नुसते हसले. त्या हसण्यानं घात केला.

बाहेर बाकावर बसल्यावर इंदू भाऊजींच्या तोंडापाशी वाकली आणि तिनं वास घेतला. मला इतका राग आला, वाटलं दंड धरून ओढावी तिला. भाऊजींना आधी कळलंच नाही. मग कळलं. कॅन्सर ऐकून उतरला नव्हता एवढा त्यांचा चेहरा उतरला.

मोठ्या दवाखान्याची तारीख नऊ दिवसांनी होती. ते नऊ दिवस इंदू त्यांच्याशी बोलली नाही. कपाटं, बसची पिशवी, टाकीमागची जागा, सगळं धुंडाळलं. काही सापडलं नाही, तरी संशय जाईना.

‘तीस वर्षं फसवलं मले, शारदा. बाबांचंही लिव्हरच गेलं होतं न?’

‘अवं, तीस वर्षं मीही पाहूनच राहिली न त्यायले!’

‘बाबाले पण लोकं चांगलंच म्हणत.’

भाऊजी तिला एकदाच म्हणाले, ‘मरायचं भेव नाही वाटून राहिलं. पण तू हे मनात धरून बसशील अन् मी जाईन, याचं वाटते.’ इंदू उठून आत गेली.

दहाव्या दिवशी मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी जुनी फाइल मागितली. आठ वर्षांपूर्वी पित्ताच्या खड्यासाठी सोनोग्राफी केली होती, तिच्यात ‘फॅटी लिव्हर’ लिहिलेलं.

‘ये किसी ने देखा नहीं?’

‘मैंने पढ़ा था,’ इंदू म्हणाली. ‘लगा, चरबी ही तो है.’

बाईंनी समजावलं. असे रुग्ण आता वाढताहेत, दारू नाही की कावीळ नाही. शुगर, सुटलेलं पोट, बैठं काम. लिव्हरमध्ये चरबी साठते, वर्षानुवर्षं सूज राहते आणि एखाद्याला गाठ होते. ‘इन्होंने सच कहा है,’ त्या म्हणाल्या. गाठ एकच होती, काढता येण्यासारखी. पुढची खात्री मात्र त्यांनी दिली नाही.

मला वाटलं, इंदू सुटकेनं रडेल. ती फाइलकडे पाहत राहिली. ‘मीच भरवलं,’ एवढंच म्हणाली. तिच्यावरचा माझा राग तिथंच विरघळला.

ऑपरेशनच्या सकाळी भाऊजींना चाकांच्या खाटेवर घेतलं. त्यांनी इंदूला जवळ बोलावलं आणि तोंड उघडलं.

‘घे वास. उपाशी आहो आज, जिलबीचाही येणार नाही.’

इंदूनं त्यांच्या तोंडावर तळहात ठेवला. ‘पुरे न आता,’ म्हणाली, आणि खाट हलली तरी हात काढला नाही. तशीच दारापर्यंत चालत गेली. ‘दीदी, अब छोड़िए,’ वॉर्डबॉय म्हणाला.

दार लागलं. इंदू तिथंच उभी राहिली आणि तिनं तो तळहात आपल्या नाकाशी धरला.