करवंदाची वई

चिखलीत आम्ही रो-हाउस घेतलं तेव्हा पुढे आणि बाजूला मिळून अंगणाची एक अरुंद पट्टी वाट्याला आली. आसपासच्यांनी आपापल्या पट्टीला भिंत घातली होती, नाहीतर पत्रे ठोकले होते. नवऱ्यानेही गवंडी बघून ठेवला होता. मी म्हटलं, "भिंत नको. मला झाडांचं कुंपण करायचंय."

"तुला झाडांतलं काय कळतं?"

त्याचं चुकत नव्हतं. मी चाकणच्या एका कंपनीत तपासणी विभागात कामाला. पण जेवणाच्या सुट्टीत एक गोष्ट मी कित्येक वर्षं बघत आले होते. कंपनीच्या आवारातली शोभेची झुडपं कातरून चौकोनी केलेली असत, त्यांच्यावर पाखरू म्हणून बसलेलं दिसत नसे. तारेपलीकडच्या उतारावर मात्र करवंदाची एक जाळी होती. ती कुणी लावली नव्हती, पाणीही घालत नव्हतं, आणि तिच्यात बुलबुलांची सारखी ये-जा. तसली जाळी मला घराभोवती हवी होती.

मे महिन्यात पिकलेली करवंदं विकत आणली, खाल्ली, आणि बिया धुऊन त्याच दिवशी दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत माती भरून लावल्या. समोरच्या जुन्या घरातली आजी हे बघत उभी होती. ती मूळची इथलीच. आमची कॉलनी तिच्या घरच्या शेतावर उभी राहिलेली.

"काय लावतीस गं?"

"करवंद."

ती हसायलाच लागली. "आमी जल्मभर ह्ये काटं तोडलं, आन् तू पिशवीत घालून वाढवतीस व्हय?"

पण पाऊस सुरू झाल्यावर तीच निरगुडीच्या काड्यांची मोळी घेऊन दारात आली. म्हणाली, "करवंद लई सावकाश वाढतं. तवर ह्या खोवून ठेव." अडुळसाही तिनेच दिला. आम्ही कुंपण म्हणत होतो, ती वई म्हणायची. हळूहळू माझ्याही तोंडी तोच शब्द बसला.

पहिलं वर्ष नुसत्या काटक्या दिसत होत्या. दुसऱ्या वर्षी निरगुडी डोक्यापर्यंत गेली, करवंद गुडघ्याला आलं, आणि डावीकडच्या शेजाऱ्यांनी सोसायटीत तक्रार केली. "ताई, यात साप निघतील. आमची पोरं लहान आहेत."

मला राग आला, पण त्यांची भीती काही खोटी नव्हती. साप येतो तो उंदरांमागे, आणि उंदीर होते शेजारच्या मोकळ्या प्लॉटमधल्या राडारोड्यात. दोन गुरुवारच्या सुट्ट्या मी हातमोजे घालून तो उपसला. वईचा बुंधा रोज झाडायला लागले, खालच्या फांद्या वीतभर उचलून घेतल्या. तरी मीटिंगमध्ये झाडं काढायचाच विषय निघाला. मी बोलायला उठणार, तोच नवरा उभा राहिला.

"एक वर्ष थांबा," तो म्हणाला. "हिने पास केलेला माल आजवर परत आलेला नाही."

लोक हसले आणि विषय तिथेच थांबला. मी मान खाली घालून बसले होते. माझ्या कामाबद्दल त्याला चारचौघांत असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

चौथ्या उन्हाळ्यात करवंद कमरेच्या वर गेलं. पांढऱ्या फुलांचा वास पार गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा. एका सकाळी बुलबुलाची जोडी चोचीत काड्या घेऊन आत शिरताना दिसली. मी कुणाला सांगितलं नाही. पण तक्रार करणाऱ्या शेजाऱ्यांच्या मुलीला घरटं खिडकीतून दिसलं. तीनेक आठवड्यांनी ते गृहस्थ फाटकाशी आले. थोडं अडखळत म्हणाले, "ताई, पिल्लं आहेत. आमची मांजर मी आत ठेवतोय. आणि... आमच्या बाजूला लावायला दोन-चार रोपं मिळतील का?"

मी त्यांना नऊ रोपं दिली. आज त्यांची बाजू आणि माझी बाजू यांची मिळून एक वई झाली आहे. तिच्यात मुनिया येतात, शिंपी पक्षी पानं शिवून घरटं करतो, निरगुडी फुलली की फुलपाखरांची झुंबड उडते.

आजी आता काठी घेऊन चालते. परवा तिला मुद्दाम बोलावलं. ती वईच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली. जागोजागी काठी आत खुपसून पाहिली, काठी कुठेच आरपार गेली नाही.

"शेळी घुसायची न्हाई," ती म्हणाली.

इतक्या वर्षांत कंपनीत मला सर्टिफिकेटं बरीच मिळाली. पण त्या दिवशी जे वाटलं, ते त्यांतल्या एकानेही वाटलं नव्हतं.