जट सोडवणारी काकी

सिंधूकाकी गेल्याचा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात लेकीच्या केसांत होते. रविवारची सकाळ, बाथरूममध्ये स्टुलावर बसलेली ईरा आणि कोपरापर्यंत फेसानं माखलेली मी. फोन ईरानंच उचलून माझ्या कानाला लावला. पलीकडे काकीचा मुलगा महेश होता. "ताई, आई गेली गं… चहा पीत व्हती. कप खाली ठेवला आन् भिंतीला टेकली. तेवढंच." मी 'निघते' म्हणाले. ईराच्या डोक्यावर पाणी ओतलं, केस कसेबसे टिपले आणि तिला घेऊन स्वारगेटहून भोरची एसटी पकडली. खिडकीच्या वाऱ्यानं तिचे कुरळे केस वाळून पिंजारून गेले होते. काकी असती तर त्यावरून मला चार शब्द ऐकवल्याशिवाय राहिली नसती.

माझ्या माहेरी, उत्रोलीत, आमची दोन घरं एकाच अंगणात. वडील थोरले, काका धाकटे. चुली वेगळ्या, पण भाताची खाचरं बांधाला बांध लागून. काकी वेल्ह्याकडच्या डोंगरातल्या गावातून आलेली. दोन्ही घरांत मिळून कुरळे केस फक्त तिचे आणि माझे, आणि आमचं काही रक्ताचं नातं नव्हतं. "पोरगी काकीवर गेलीया," असं कुणी म्हटलं की ती म्हणायची, "जाऊ द्या की. लांब थोडीच गेलीया?"

मी चौथीत असताना मला टायफॉइड झाला. किती दिवस अंथरुणाला खिळून होते ते आठवत नाही. आठवतो तो आईचा कपाळावरचा हात आणि देवीला घातलेलं साकडं. ताप उतरला, मी उठून बसले, तेव्हा मानेवरचे केस घोंगडीच्या तुकड्यासारखे घट्ट झाले होते. शेजारच्या एका म्हातारीनं ते पाहिलं आणि हातच जोडले. "देवी आलीया पोरीत. जट हाय ही. कापू नगा, इंचरू नगा." आईनं मुकाट्यानं हळदकुंकू आणलं. ज्या देवीनं लेक परत दिली, तिची खूण आपण पुसायची? तेव्हा मला आईचा राग यायचा. आज स्वतः आई झाल्यावर तिचं ते भय समजतं.

जट वाढत गेली. तिला वास यायला लागला, मान दुखायला लागली, कुशीवरच झोपावं लागे. शाळेत माझ्या बाकावर कुणी बसेना. काही मुली तर वाटेत थांबून मला नमस्कार करायच्या, आणि ते मला चिडवण्यापेक्षाही वाईट वाटायचं.

एका दुपारी काकी आमच्या ओसरीवर येऊन उभी राहिली. "आक्का, जट कशाची? कुरळं केस हायती. झोपून झोपून गुतडा झालाय नुसता."

"सिंधू, गप बस. पोरीला काय झालं तर?" आई म्हणाली.

"झालं तर माज्या माथी."

"कापायची न्हाई ती!"

"न्हाई कापत. एक केस कापायची न्हाई. सोडवते."

वडील खांबाला टेकून ऐकत होते. "बगू दे तिला," एवढंच ते म्हणाले. आई तडक आत निघून गेली. काकी मात्र लगेच केसांना भिडली नाही. माझ्यापुढं उकिडवी बसली आणि म्हणाली, "तुला नगं आसंल तर न्हाई हात लावायची. डोस्कं तुजं हाय." त्या सगळ्या महिन्यांत मला विचारणारी ती पहिलीच. मी मान हलवली… म्हणजे जेवढी हलत होती तेवढी.

मग कितीतरी दुपारी आम्ही अंगणात बसलो. ती कोमट खोबरेल तेल जटेत मुरवायची आणि टोकाकडून सुरुवात करायची. बोटांनी, एकेक बट पिंजून. कंगवा तिनं जवळही आणला नाही. "कुरळ्या केसाला वरनं वडलं की त्यो रुसतो. खालनं वर जायाचं. आन् कोरड्याला तर हातच लावायचा न्हाई," ती सांगायची. दुखलं की मी ओरडायचे, ती थांबायची, फुंकर घालायची, पुन्हा सुरू करायची. रोज संध्याकाळी डोक्याला जुन्या धोतराचं मऊ फडकं बांधून मला घरी पाठवायची.

एकदा मी विचारलं, "काकी, तुला देवीची भीती न्हाई वाटत?" तिची बोटं थांबली. "माज्या आयला जट व्हती," ती म्हणाली. "गुडघ्यापत्तोर. मी ल्हान आसताना तिला आडवं झोपल्यालं कदी बघितलंच न्हाई, भिंतीला टेकूनच झोपायची. मरस्तोवर तिची मान वर झाली न्हाई… देवी अशी आसती व्हय?" मग तिनं पुन्हा तेलात बोटं बुडवली.

शेवटची गाठ सुटली त्या दिवशी तिनं माझं डोकं रिठ्याच्या पाण्यानं धुतलं आणि वरून तांदळाचं धुवण ओतलं. केस पाठीवर मोकळे पडले. मी उगीचच आभाळाकडं बघत बसले, मान मागं जाते म्हणून.

पण गोष्ट तिथं संपली नाही. त्याच पावसाळ्यात, लावणीच्या तोंडावर, वडील बांधावरून घसरले आणि पाय मोडून बसले. आईनं अंगणातून सगळ्यांदेखत काकीला विचारलं, "झालं समाधान?" काकीनं स्वतःची खाचरं उरकली आणि काकांना घेऊन ती आमच्या चिखलात उतरली. अख्खी लावणी तिनं वाकून केली. आई फडक्यात भाकरी बांधून आणायची, बांधावर ठेवायची, न बोलता परत जायची. अबोला होता, पण त्या फडक्यात काकीच्या वाट्याची भाकरी कधी कमी पडली नाही. दिवाळीत वडील काठीशिवाय चालायला लागले, तेव्हा फराळाचं ताट आई स्वतः काकीच्या घरी घेऊन गेली. आत काय बोलणं झालं ते आम्हाला कळलं नाही. बाहेर आल्या तेव्हा दोघींचेही डोळे लाल होते.

पुढं शिक्षण, नोकरी, पुणे. लग्नाच्या वेळी पार्लरवाली केस सरळ करून घ्या म्हणून मागं लागली होती. मी नको म्हटलं आणि मोकळ्या कुरळ्या केसांत गजरा माळून बोहल्यावर उभी राहिले. कुरळ्या केसांसाठी नवी क्रीम निघाली तेव्हा काकीला एक बाटली नेऊन दिली. तिनं वास घेतला. "बरी हाय गं. पर केसाजवळ बसायला येळ पायजे, त्यो भरून देत्यात का हितं?" मग बाटली संपेपर्यंत तिनं ती आवडीनं लावली, आणि दुसरी कधी आणतेस म्हणून फोनही केला!

तेराव्यानंतर मी उत्रोलीतच राहिले होते. सकाळी डोक्यावरून अंघोळ केली आणि उन्हाला बसले. तेवढ्यात आई तेलाची वाटी घेऊन आली आणि माझ्या मागं बसली. लहानपणी तिच्या हातात नेहमी फणी असायची आणि माझ्या डोळ्यांत पाणी. आज फणी नव्हती. संधिवातानं वाकडी झालेली तिची बोटं माझ्या केसांच्या टोकाशी गेली, एक बट सुटी केली आणि सावकाश वर सरकली.

मी वळून पाहिलं. "आई, हे तुला कुणी शिकवलं?"

"शिकवतंय कोन?" ती म्हणाली. तिनं पुढची बट हातात घेतली. "ती तुजी जट सोडवायची ना… म्या रोज दाराआडून बगत व्हते."