अमेरिकेच्या हाफपॅन्टीला नाडी

परंड्यात महेश्वरीला ‘अमेरिकावाली’ म्हणायचे. अमेरिका तिनं कधी बघितली नव्हती. तिचा संबंध फक्त अमेरिकेच्या कमरेशी. एसटी स्टँडमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिच्या हाताखालच्या बायका सुती हाफपॅन्टी शिवायच्या आणि सोलापूरचे विरेशशेठ त्या जहाजानं तिकडं धाडायचे. उमरग्याकडून लग्न होऊन आली तेव्हा ती साड्यांना पिको करायची. एकेक मशीन जोडत तिनं ही शेड उभी केली होती.

आता ती शेड गप्प पडली होती. तिकडच्या सरकारनं भारतातल्या कपड्यांवरचा आयात कर एकदम वाढवला आणि शेठनी तयार माल उचलायचाच थांबवला.

“कर अमेरिकेनं लावला ना? मग भरू दे की अमेरिकेला!” महेश्वरी फोनवर ओरडली. “माल माझ्या शेडमध्ये का कुजतोय?”

“ताई, भरतो तिकडचा व्यापारीच. पण तो म्हणतो, तेवढं तुमच्या भावातनं कमी करा. मला कसं परवडंल?”

“अन् माझ्या बायका? एकदा खुरपायला गेल्या की परत मशीनवर येतात व्हय?”

“मग तिथंच विका तो माल. मी सोडला त्याच्यावरचा हक्क.”

झालं. आठवडी बाजारात कांद्याच्या ढिगाशेजारी महेश्वरीनं अमेरिका मांडली. भजनी मंडळाचे दगडोबातात्या धोतर सावरत आले आणि त्यांनी एक हाफपॅन्ट उन्हात धरली.

“लेकराची हाय का?”

“मोठ्या माणसाची हाय तात्या.”

“मग गुडघं कुणी झाकायचं?”

“तिकडं उघडेच ठेवतात.”

“अन् ही कंबर! ह्यात मी अन् माझा बैल, दोघं बसू.” तात्यांनी चेन वर-खाली करून बघितली. “ह्या करकरीचा काय भरवसा? नेफा कर, नाडी घाल. धोतराखाली घालायला कापड लई बेस हाय. समदं मंडळ नेतंय.”

दिवसभरात एकही हाफपॅन्ट खपली नाही. महेश्वरी गठ्ठा घेऊन शेडमध्ये परतली ती धुमसतच.

“हरणामावशी, चेनी उसवा. बटणं काढा. नेफा करा अन् नाडी घाला!”

हरणाबाई शेडमधली सगळ्यात जुनी. तिनं चष्म्यावरनं बघितलं. “समद्याला?”

“समद्याला! अमेरिकेचं नाव काढायचं न्हाय माझ्याम्होरं.”

मशीनं पुन्हा खडखडू लागली. खुरपायला निघालेल्या बायका माघारी आल्या. शेवटच्या हाफपॅन्टीत महेश्वरी स्वतः नाडी ओवत होती, तेवढ्यात फोन वाजला. इतके दिवस गायब असलेले विरेशशेठ!

“ताई, पेढे वाटा! कर खाली आला. तिकडनं माल मागतायत. उद्या टेम्पो धाडतो.”

महेश्वरीनं हातातल्या नाडीकडं बघितलं.

“शेठ, मालात जरा बदल झालाय.”

“कसला बदल?”

“नाडी घातलीय.”

“नाडी?”

“सुतीच हाय. धोतराखाली घालायला.”

शेठ किंचाळले. “उसवा! आत्ताच्या आत्ता! चेन, काज, बटण, होतं तसं करून द्या.”

“तुमीच म्हणालात विका म्हणून.”

“विका म्हणालो. धोतराखाली घाला म्हणालो का?”

हरणाबाईनं कात्री आपटली. “आदी चेन लावा, मग चेन काढा, आता पुन्ना लावा! त्या अमेरिकेला एकदा बसवून विचार, बाई, तिला नेमकं घालायचंय काय!”

दारात सावल्या पडल्या. दगडोबातात्या आणि मागं अख्खं भजनी मंडळ, धोतरं वर खोचून.

“झाली का गं नाडी? का नुसत्याच बाता?”

“ताई? ऐकताय ना?” फोन ओरडत होता.

महेश्वरीनं आधी तात्यांकडं बघितलं, मग मशीनवर हात थांबवून बसलेल्या बायकांकडं.

“ऐकतेय शेठ. नवीन कापड धाडा, चेनीच्या नव्या शिवू. ह्यातली एक नाडी निघायची न्हाय.”

“अहो, पण अमेरिका थांबंल का?”

“आमी थांबलोच की इतके दिस. ठेवते, दारात गिऱ्हाईक आलंय.”

तिनं गळ्यातली टेप ओढली.

“या तात्या. हात वर करा. अन् पोट आत घेऊ नका, खरी कंबर सांगा!”