सहज बोलायचं, बेटा

कॉलेज रोडवर परदेशी शिक्षणाच्या व्हिसाचं काम करून देणारा तो माणूस मला नेहमी 'साहेब' म्हणतो. मी पिंपळगावला द्राक्षांचा टेम्पो चालवतो, हे त्याला पक्कं माहीत आहे. मुलाखतीचा सराव घेताना त्याने माझ्या मुलीला विचारलं, "वडील काय करतात?"

"टेम्पो चालवतात."

"असं नाही, बेटा. 'ट्रान्सपोर्ट बिझनेस' म्हणायचं. सहज, हसून."

मी शेजारीच बसलो होतो. टेबलावर पेनाने ताल धरत त्याने तेच तिच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं. मध्येच माझ्याकडे वळून म्हणाला, "चहा सांगू ना, साहेब?"

व्हिसा नाकारला गेला. जाब विचारायला गेलो, तर म्हणे, "काय करणार साहेब, पोरगी पाठ केल्यासारखं बोलली."

हे मलाच ऐकवत होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मनमाडची एक मुलगी वडिलांना घेऊन आली. याने लगेच पेन उचललं.

"वडील काय करतात?"

"रेल्वेत गँगमन आहेत."

"असं नाही, बेटा."

तिच्या वडिलांची मान खाली गेली. तो त्यांच्याकडे वळून हसला.

"चहा सांगू ना, साहेब?"